कोरडी पांघरुणं

१

खोलीचं दार उघडलं, तेव्हा आधी पाणी बाहेर आलं आणि मग माणसं आत गेली.

गृहनिर्माण खात्याच्या त्या इमारतीत वरचे मजले कमी पगारवाल्या भाडेकरूंचे. भाड्याचा निम्मा भार सरकार उचलायचं, निम्मा ते उचलायचे आणि उचलता उचलता वाकायचे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मात्र नव्यानंच वेगळ्या काढल्या होत्या, ज्यांना छप्परच नाही अशांसाठी. त्यातली पहिली त्या दिवशी सकाळी एका म्हातारीच्या ताब्यात द्यायची होती. बेघरांच्या सरकारी निवाऱ्यात सगळे तिला गाठोडीआजी म्हणायचे, कारण काखेतल्या गाठोड्याशिवाय तिला कुणी कधी पाहिलंच नव्हतं. निवाऱ्यातली ताई तिला घेऊन आली, इमारतीच्या व्यवस्थापकानं किल्ली फिरवली, आणि गढूळ पाणी उंबरा ओलांडून आजीच्या चपलांवर आलं.

कुलूप शाबूत, खिडकी आतून बंद. ओट्याखालचा पाईप फुटला नव्हता. कुणीतरी पान्यानं तो पद्धतशीर सोडवला होता. रात्रभर पाणी वाहून फरशा पोकळ झाल्या होत्या आणि भिंत फुगून आली होती. टाकी रिकामी झाली म्हणून वरचे भाडेकरू बादल्या घेऊन आधीच बोंबलत होते.

"म्हणजे आज नाही का?" आजीनं एवढंच विचारलं.

खात्यानं चौकशीला जिला पाठवलं तिचा हुद्दा लांबलचक होता. लोकांनी त्याचं सुटसुटीत 'चौकशीबाई' करून टाकलं होतं. सरकारी मदत घेणारा खरोखरच गरजू आहे की नाही, हे न सांगता घरी जाऊन तपासायचं, हे तिचं रोजचं काम. तिची पावलं जिन्यात वाजली की लोक टीव्हीवर चादर टाकायचे. ती लाच घेत नसे, कुणाला झुकतं माप देत नसे, आणि या दोन गोष्टींच्या जोरावर ती स्वतःला न्यायी समजत असे.

ती आली तेव्हा अंगणात सगळी इमारत जमली होती. सगळ्यांत मोठा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरचा.

"बाई, उगाच लांब कशाला शोधताय? काल संध्याकाळी ही म्हातारी आत दार लावून एकटीच बसली होती. विचारा ताईला."

ताई गडबडली. "बसल्या होत्या, पण... पांघरुणं ठेवायला आलो होतो आम्ही. त्या म्हणाल्या, जरा एकटीला बसू दे माझ्या घरात. म्हणून मी बाहेर थांबले."

"आणि माझा पाना तेव्हापासून सापडत नाहीये," पाईप बघायला आलेला प्लंबर म्हणाला. "इमारतीच्या ऑफिसातच विसरलो होतो."

"झालं की मग!" ड्रायव्हरनं हात झटकले. "उघड्यावर राहिलेल्या माणसाला चार भिंती नकोशाच होतात. मनात असेल निवाऱ्यातच राहायचं. बघा त्या गाठोड्यात."

चौकशीबाईला दुपारी दुसरीकडे जायचं होतं. ऑफिस दहा पावलांवर होतं, त्याला दार होतं, दाराला पडदा होता. हे सगळं तिला नंतर आठवलं. त्या वेळी ती म्हणाली, "आजी, गाठोडं उघडा."

आजीनं दोन्ही हात गाठोड्यावर ठेवले. "आत चला ना, बाई. आत उघडते."

"इथंच उघडा, सगळ्यांसमोर. म्हणजे तुमच्यावर उगीच आळ राहणार नाही." आपण हिच्यावर उपकारच करतोय, असं चौकशीबाईला खरंच वाटत होतं.

आजीनं गाठ सोडली. दोन विटके कपडे निघाले. साबणाचा तुकडा, दात पडलेला कंगवा, चेपलेला पेला. आणि मग आतले कपडे, ठिगळ लावलेले, स्वच्छ धुऊन बारीक घड्या केलेले. चौकशीबाईनं घडी न् घडी उलगडून बघितली. अंगणातले पुरुष इकडेतिकडे बघायला लागले. जिन्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

पाना नव्हता.

२

आजी कपडे गोळा करायला वाकली नाही. ती नुसती उभी राहिली, जमिनीकडे बघत. ताई तिच्या शेजारून हाका मारत होती, "आजी, चला, बसा जरा." ड्रायव्हरही आता ओशाळून म्हणाला, "बस गं म्हातारे, उन्हात नको उभी राहू." आजीला जणू ऐकूच येत नव्हतं. शेवटी व्यवस्थापक पुढे आला. उंच, शांत, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. भाडेकरू त्याला मान देऊन साहेब म्हणायचे. तो आजीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला, वाकला आणि हळूच म्हणाला, "बसा. सावलीत बसा." तशी आजी निमूटपणे बाकावर जाऊन बसली. व्यवस्थापकानं खाली पसरलेले कपडे स्वतः गोळा केले. कुणाकडे न बघता.

चौकशीबाईला तिथं उभं राहवेना. ती त्या भिजक्या खोलीत शिरली, कामात आहोत असं दाखवायला, आणि कारण नसताना मान वर करून तिनं छताकडे पाहिलं.

दारावर माळा होता, उंचावर. त्यावर नवी गादी गुंडाळून ठेवली होती. गादीवर दोन पांघरुणं आणि उशी. तिनं बाहेरून स्टूल मागवलं, चढली आणि हात लावून पाहिला. सगळं ठणठणीत कोरडं.

"ताई," तिनं हाक मारली, "काल दार कुणी लावलं?"

"मीच. किल्ली ऑफिसातल्या फळीवर अडकवली."

"तेव्हा ही पांघरुणं कुठं होती?"

"खाटेवर. आजींनीच घड्या घातल्या होत्या." ताई वर बघून थबकली. "तिथं कशी गेली?"

चौकशीबाई स्टुलावरच उभी राहिली. आजीचं डोकं जेमतेम दाराच्या कडीला लागत होतं. अख्खी गादी माळ्यावर चढवणं तिच्या बापजन्मी शक्य नव्हतं. शिवाय खोलीत स्टूल नव्हतं. म्हणजे ताईनं कुलूप लावल्यावर कुणीतरी फळीवरची किल्ली घेऊन आत आलं होतं. हात वर केला की माळ्याला लागेल असं कुणीतरी.

दाराबाहेरच्या मीटरच्या पेटीत या एकाच खोलीचा मेन स्विच बंद केलेला होता. सकाळी तो कुणी बंद केला, असं तिनं दहा जणांना विचारलं. कुणीच केला नव्हता. म्हणजे तोही रात्रीच बंद झाला होता, ओल्या भिंतीतून कुणाला शॉक बसू नये म्हणून.

गाठोड्यात वाकून बघण्याआधी एकदा मान वर केली असती, तर त्या म्हातारीचे कपडे आज अंगणात आले नसते. चौकशीबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्याहूनही चमत्कारिक गोष्ट तिच्यासमोर माळ्यावर होती. ज्यानं आजीचं घर बुडवलं, त्यानं आधी आजीची पांघरुणं वाचवली होती.

३

ड्रायव्हरच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोन खोल्यांत त्याची बायको, आई, धाकटी मुलं, आणि लग्न झालेली मुलगी, तिचा नवरा, तिचं तान्हं. पलंगाखाली कुणीतरी झोपलेलं होतं.

"बघा, तपासा," ड्रायव्हर म्हणाला. "टीव्ही झाकलेला नाही. विकला."

"त्या खोलीवरून तुम्ही खात्यात जाऊन भांडला होतात."

"भांडलो! आम्ही भाडं भरतो. जावई माझा दिवसभर गोण्या उचलतो. खोलीसाठी नाव देऊन किती काळ लोटला. आणि ती कालची आलेली म्हातारी..."

"कालची नाही, बाबा," मुलगी मधेच म्हणाली. ती बाळाला थोपटत होती. "आपण नाव दिलं त्याच्या कितीतरी आधीपासून त्या रस्त्यावर आहेत." मग चौकशीबाईकडे वळून, "बाई, बाबांचा आवाज मोठा आहे, बाकी काही नाही. तुम्हीच विचार करा. आजींनी खोली नाकारली असती किंवा त्या आल्या नसत्या, तर ती पुन्हा भाडेकरूंच्या यादीत आली असती, आणि त्या यादीत पुढचं नाव आमचंच आहे. ती बुडवून आम्हाला काय मिळणार? आता ती कुणालाच मिळायची नाही."

चौकशीबाईनं मान डोलावली. हे तिच्याही डोक्यात आलंच होतं. आणखीही एक होतं. शेजारची दुसरी खोली तशीच रिकामी होती, तिचीही किल्ली त्याच फळीवर होती, आणि ती कोरडीठाक होती. बेघर माणसं इथं नकोत असं ज्याला वाटतं, तो दोन्ही बुडवील. प्लंबरला दुरुस्तीचं काम काढायचं असतं तर त्यानंही एकीवर समाधान मानलं नसतं, आणि कुणाची गादी वाचवायच्या भानगडीत तर तो पडलाच नसता. हा राग इमारतीवरचा नव्हता, योजनेवरचाही नव्हता. कुणाला तरी फक्त गाठोडीआजी इथं नको होती. आणि तिला थंडीही वाजायला नको होती.

निघताना तिनं विचारलं, "सकाळी जिन्यावर हसलं ते कोण?"

ड्रायव्हर खाली बघायला लागला. "जावई माझा," तो म्हणाला. "बोललो मी त्याला. पण गाठोडं उघडा असं मीच म्हटलं होतं ना. तो तर नुसता हसला."

"आणि उघडायला लावलं मी," चौकशीबाई म्हणाली.

खाली ताई भेटली. "आजींना ही खोली द्यायला कुणाचा विरोध होता?" चौकशीबाईनं विचारलं.

"ड्रायव्हरकाका सोडले तर कुणाचाच नाही. साहेबांनी तर किती मनावर घेतलं होतं! आजी खोली बघून गेल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, त्यांना नदीपलीकडच्या नव्या इमारतीत बघा ना, तिथं लिफ्ट आहे."

"तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्ट कशाला?"

ताई हसली. "मीही हेच म्हटलं." आणि हसता हसता थांबली.

४

व्यवस्थापकाचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. नीटनेटकं. त्याच्या बायकोनं चहा आणला आणि चौकशीबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघतेय हे पाहून आपणहून म्हणाली, "माझे सासू-सासरे. दोघंही शिक्षक होते. मला त्यांचा सहवास नाही लाभला. यांच्याकडून काही ऐकावं म्हटलं तर यांचा आवाजच फुटत नाही."

"चहा घ्या, निवेल," व्यवस्थापक म्हणाला.

त्यानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं सरळ दिली. किल्ल्या उघड्या फळीवर असतात, कुणीही घेईल, हलगर्जीपणा माझाच. रात्री कुणाचा आवाज ऐकला नाही. पाना पाहिला नाही.

"आजींना तुम्ही आधीपासून ओळखता?"

"नाही. खोली बघायला आल्या तेव्हा पहिल्यांदा पाहिलं." कप बशीत ठेवताना त्याचा हात जराही हलला नाही. "बाई, मला वाटतं त्यांना दुसरीकडे पाठवावं. सकाळी जे झालं, त्यानंतर इथं त्यांचं मन लागायचं नाही."

सकाळी जे झालं ते कुणी केलं, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. चौकशीबाईनं चहा तसाच ठेवला आणि उठली.

ती तडक निवाऱ्यावर गेली. लांबलचक दालन, ओळीनं खाटा, आणि टोकाच्या खाटेवर आजी, गाठोडं मांडीवर. चौकशीबाई येऊन शेजारी बसली. असं काही बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "आजी, सकाळी माझं चुकलं. मी तसं करायला नको होतं."

आजी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. वळलीसुद्धा नाही.

रागावणं बरोबरच आहे, असं मनाशी म्हणत चौकशीबाई उठून दाराशी आली. तिथं ताई उभी होती.

"बोलत नाहीत माझ्याशी," चौकशीबाई म्हणाली.

"तुम्ही डावीकडे बसलात ना," ताई कुजबुजली. "त्या कानानं त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि दुसऱ्यानंही कमीच येतं. आम्हालाही कळायला फार दिवस लागले. त्या लपवतात. त्यांना वाटतं, बहिरं म्हणून घर नाकारतील. मी कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी घाबरून मीही चुकीच्याच बाजूला उभी राहिले."

चौकशीबाईच्या डोळ्यांपुढे सकाळचं अंगण उभं राहिलं. एका बाजूला हाका मारणारी ताई, बस म्हणणारा ड्रायव्हर. आणि वळसा घालून उजव्या कानाशी वाकलेला, हळू आवाजात बोलणारा तो एकटा माणूस, ज्यानं आजीला कधी पाहिलंच नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी तिनं व्यवस्थापकाला त्याच खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. या वेळी तिला दाराची आठवण राहिली होती.

"मी बोलते, तुम्ही ऐका," ती म्हणाली. "चुकलं तर सांगा. जो इथं आला तो उंच होता. त्याला इमारतीचे स्विच माहीत होते. त्याला आजी या इमारतीत नको होती, पण तिच्या केसालाही धक्का लागायला नको होता. तिला दुसरीकडे चांगलं घर मिळावं म्हणून त्यानं आधी प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही, तेव्हा पाना उचलला. हे सगळं तुम्हाला लागू पडतं, पण दुसऱ्याही कुणाला लागू पडलं असतं. म्हणून एकच विचारते. आजीच्या उजव्या कानाशी बोलावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो खाटेच्या कडेवर बसला. लोखंडी खाट करकरली.

"कुणी नाही," तो म्हणाला. "तो कान फुटला तेव्हा मी तिथंच होतो. ती माझी आई. बापानं मारलं होतं तिला. मला मारत होता, ती मधे पडली."

चौकशीबाई उभीच होती. तो जमिनीकडे बघून बोलत राहिला.

"सरकारी दवाखान्याच्या जिन्याखाली राहायचो आम्ही. बाप प्यायचा. एका थंडीत गेला. मग तिनंच सांभाळलं. स्वतःचं पांघरूण मला द्यायची आणि म्हणायची, मला उकडतंय. तिनंच धरून नेऊन वसतिगृहात घातलं. मी रडत होतो. म्हटलं, मोठा झालो की तुला न्यायला येईन." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "पहिली नोकरी लागली तेव्हा जाणार होतो. मग म्हटलं, जरा बूड टेकू दे. मग त्या रस्त्यानं जायचंच टाळायला लागलो. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, आईवडील काय करायचे? तोंडातून निघून गेलं, शिक्षक होते. ते एक वाक्य निस्तरण्यात एवढी वर्षं गेली. लग्न ठरलं, तेव्हा सासरचे म्हणाले, निदान एखादा फोटो तरी असेल. एका स्टुडिओत कुणी न्यायला न आलेले फोटो पडले होते. त्यातला एक आणला."

"ती सगळ्यांना सांगून टाकेल, अशी भीती वाटली?"

"नाही, बाई." तो पहिल्यांदाच वर बघून बोलला. "सांगितलं असतं तर सुटलो असतो. ती सांगणार नाही, हीच भीती होती. रोज सकाळी ती मला साहेब म्हणणार, आणि मी ते ऐकून घेत वर चहा प्यायला जाणार. ते मला झेपलं नसतं. म्हणून पाईप सोडवला. पाना वरच्या टाकीत टाकला. काल तुम्ही तिचे कपडे उलगडत होतात, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तेवढं तरी करायला हवं होतं."

चौकशीबाईला त्याचा राग यायला हवा होता. पण काल कपडे उलगडणारे हात तिचे होते, आणि ते तिला कुठं ठेवावेत कळेना.

दार किंचित हललं. बाहेर त्याची बायको उभी होती. नवऱ्याला खात्यातून फोन आलाय, हे सांगायला ती खाली आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"फोटोतली माणसं कोण आहेत?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," व्यवस्थापक म्हणाला.

६

निवाऱ्यात आजी आपल्या खाटेवर बसून नखं कापत होती. व्यवस्थापक तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. चौकशीबाई आणि ताई जरा लांब थांबल्या.

"खोली मी बुडवली," तो म्हणाला.

आजीनं हातात धरलेल्या बोटाचं नख पुरतं कापून घेतलं. "ठाऊक आहे. बस रे उंदरा."

ते नाव ऐकून तो एवढा उंच माणूस खाटेवर न बसता खालीच बसला.

"तू मला ओळखलं होतंस?"

"तू किल्ली फिरवत होतास, खोली दाखवायला आलास त्या दिवशी. जीभ बाहेर काढून. लहानपणी बटण लावतानाही अशीच काढायचास." ती क्षणभर हसली. "पण तू लाजलास. लाजलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये. म्हणून मी ओळखलं नाही."

"मी न्यायला आलो नाही."

"नाही आलास."

तो वाट बघत राहिला. काही हरकत नाही, असं ती म्हणेल, असं त्याला वाटत असावं. चौकशीबाईलाही वाटत होतं. आजी म्हणाली, "खोटं कशाला बोलू? मी वाट बघितली. दवाखान्यावाल्यांनी जिन्याखालून हाकललं, तरी मी लांब गेले नाही. म्हटलं, पोरगं यायचं आणि चुकायचं. मग बघायची सोडली. सोडल्यावर बरं वाटलं."

तो रडायला लागला. आजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण नखं कापायचं थांबवून ती त्याचं रडणं संपेपर्यंत बसून राहिली.

मग तिनं चौकशीबाईकडे पाहिलं. "बाई, जे झालं ते तसंच्या तसं लिहा. त्याला वाचवू नका आणि वाढवूही नका. मला माझी खोली हवी आहे. तीच. नदीपलीकडची नको."

७

व्यवस्थापकानं आपण होऊन कबुली दिली. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर वरच्या मजल्यावरचं घरही. निघायच्या दिवशी भाडेकरूंपैकी कुणी खाली उतरलं नाही. खिडक्यांतून मात्र सगळे बघत होते. त्याची बायको त्याच्याबरोबर गेली. भिंतीवरचा फोटो तिनं कागदात गुंडाळून काखेत घेतला होता. "टाकून दे तो," नवरा म्हणाला, तर ती म्हणाली, "मी रोज यांच्याशी बोलत आले आहे. आता रस्त्यावर कुठं टाकू?"

ड्रायव्हरच्या मुलीचं नाव यादीत होतं तिथंच राहिलं. फरशा पुन्हा बसल्या, भिंत सुकली, आणि आजी राहायला आली. ताईनं माळ्यावरची गादी काढून खाटेवर घातली.

चौकशीबाई संध्याकाळी आली, कुणी बघत नाही अशी वेळ साधून. आजीच्या उजव्या कानाशी येईल अशा बेतानं ती बसली, आणि तिनं नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आजी, त्या दिवशी मी तुमचा अपमान केला. मला माफ करा."

आजीनं तिच्याकडे नीट बघून घेतलं. "गाठोडं अंगणात उघडायला लावलंत," ती म्हणाली, "आणि माफी आत येऊन मागताय?"

चौकशीबाईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ती उठली. बाहेर अंगणात एव्हाना नळावर बायका जमल्या होत्या, ड्रायव्हर कामावरून येऊन बूट काढत होता, जावई तान्ह्याला घेऊन फिरवत होता. ज्या माणसांच्या घरात ती न विचारता शिरली होती, ज्यांच्या डब्यांची झाकणं तिनं उचलून पाहिली होती, ती सगळी माणसं तिला बघून गप्प झाली. आजी दारात येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी इथं मी आजींचे कपडे सगळ्यांसमोर उलगडले," चौकशीबाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिनं तो पुन्हा लावला. "त्यांनी काही केलं नव्हतं. मी आधी खोली बघायला हवी होती. खोली नीट बघितली नाही, कारण म्हातारीवर आळ घेणं सोपं होतं. मी त्यांची माफी मागते."

नळ चालूच होता. जावयानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवलं. ड्रायव्हर एका पायात बूट ठेवून तसाच उभा राहिला, मग आजीकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "मीही मागतो."

माफ केलं, असं आजी म्हणाली नाही. तिनं मान हलवली. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. चौकशीबाई जवळ गेली, आणखी काहीतरी बोलायला, काहीतरी हवं-नको विचारायला.

"आता तुम्ही जा, बाई," आजी म्हणाली. "मला दार लावायचंय."

आणि तिनं ते लावलं. जोरात नाही, रागानं नाही. सावकाश, शेवटच्या फटीपर्यंत. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, मग ती काढल्याचा, मग पुन्हा सरकल्याचा, आपल्या दाराला कडी आहे हे आजी पुन्हा पुन्हा बघत असावी तसा. चौकशीबाई बंद दारासमोर उभी राहिली, आणि अख्खं अंगण तिच्याकडे बघत होतं.